अर्जातला ‘ही’ नेमका कोण?

माजरीत घरात मराठी, शेजारी तेलुगू, चहाच्या टपरीवर हिंदी आणि कागद मात्र इंग्रजीत. खाण आणि रेल्वेच्या गावाचं हे असंच असतं. मी इंग्रजी शिकवायचो, त्यामुळे अर्ज तपासायला लोक अजूनही माझ्याकडे येतात. इतके कागद पाहिल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगतो. स्पेलिंग चुकलं तर साहेब समजून घेतो, पण सर्वनाम चुकलं तर कागदावरचा माणूसच बदलतो.

एका प्रकल्पग्रस्त घरातलं उदाहरण देतो. सातबारा दोन भावांच्या नावावर. कोल इंडियाच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात दोन एकरांमागे एक नोकरी असा हिशोब आहे, म्हणजे त्यांच्या जमिनीपुरती दोन घरांत नोकरी एकच. धाकट्या भावाने ती पुतण्याला सोडली. पुतण्याने लिहिलं : ‘माय फादर अँड अंकल ओन द लँड. ही हॅज नो ऑब्जेक्शन इफ जॉब इज गिव्हन टू हिज सन.’ हरकत कोणाची नाही? मुलगा कोणाचा? काकांनी स्वतःच्याच मुलासाठी नोकरी मागितली, असाही अर्थ त्यातून निघतो. खुलासा मागून अर्ज परत आला. नवीन प्रतिज्ञापत्र करावं लागलं, आणि तोवर चुलतभावांत कुजबूज सुरू झाली ती वेगळीच. पोरगा मला म्हणाला, ‘‘सर, बोलताना तर सगळ्यांना समजते ना!’’

बोलताना समजतं, कारण समोरच्याला घर माहीत असतं. शिवाय मराठीत ‘आपला’ मदतीला असतो. ‘वडिलांनी काकांना आपल्या मुलाचं नाव सांगितलं’ म्हटलं की मुलगा वडिलांचाच. ‘त्यांच्या मुलाचं’ म्हटलं की आपण काकांच्या मुलाकडे वळतो. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हिज’. म्हणून दोन पुरुष एका वाक्यात आले की नाव किंवा नातं पुन्हा लिहा : ‘माय अंकल हॅज नो ऑब्जेक्शन इफ द जॉब इज गिव्हन टू मी.’ एकच शब्द पुन्हा आल्याने निबंधाचे गुण कमी होतील कदाचित, अर्ज मात्र पक्का होतो.

दुसरी खोड आदराची. ‘बाबा खाणीत होते, ते रिटायर झाले’ हे मनात असतं, म्हणून हात ‘दे रिटायर्ड’ लिहितो. इंग्रजीत एका बाबांना ‘ही’च लागतं. त्याने मान कमी होत नाही. तिसरी खोड लिंगाची. विहीर आटली म्हणून ‘शी’ नाही, डंपर बंद पडला म्हणून ‘ही’ नाही. निर्जीव वस्तूला ‘इट’. कंपनी, समिती, ग्रामपंचायत यांनाही सरकारी कागदात ‘इट’च ठेवा. एकदा ‘इट’ धरलं की पुढच्या ओळीत ‘दे’वर उडी मारू नका.

‘ईच’ आणि ‘एव्हरी’ एकवचनी. ‘ईच ऑफ द ब्रदर्स हॅज साइन्ड हिज कन्सेंट’ असं लिहा. मात्र वारसांत बहीण असेल, तर ‘हिज’ लिहून तिला वगळू नका. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टप्रमाणे केंद्रीय कायद्यांत पुल्लिंगी शब्दांत स्त्रियाही येतात, संदर्भ वेगळा नसेल तर. तो कायदा वाचण्याचा नियम झाला. आपल्या अर्जाने त्यावर विसंबू नये. 2019 मध्ये तांत्रिक आणि देखरेखीच्या कामांसाठी महिलांना दिवसा भूमिगत खाणीत उतरायलाही परवानगी मिळाली, त्यामुळे कामगार म्हणजे ‘ही’च हे गृहीत धरायचे दिवस गेले. ‘हिज ऑर हर’ लिहा, किंवा सरळ अनेकवचन करा : ‘ऑल द हेअर्स हॅव साइन्ड देअर कन्सेंट.’ ‘एव्हरीवन’सोबत ‘देअर’ आता इंग्रजीत रुळलं आहे. तरी स्पर्धा परीक्षेचा पेपर जुन्या वळणाचा असू शकतो, तिथे दिलेले पर्याय पाहूनच खूण करा.

अर्ज देण्याआधी पेन्सिल घ्या. प्रत्येक ‘ही’, ‘शी’, ‘इट’, ‘दे’, ‘हिज’, ‘देअर’भोवती गोल करा आणि तिथून मागच्या नावापर्यंत रेघ ओढा. रेघ दोन नावांकडे जात असेल तर सर्वनाम खोडून नाव लिहा. एकाही नावाकडे जात नसेल तर वाक्य नव्याने मांडा. मग कागद घराबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. कारण कार्यालयात तो उघडणारा माणूसही तुमच्या घरातला नसतो.