मैदानाबाहेरचे पाचारण

वाचन : १ करिंथ ९:२४-२७



संत पौल करिंथच्या ख्रिस्तसभेला धावण्याच्या शर्यतीचा दाखला देतात. करिंथजवळ इस्थमस येथे दर दोन वर्षांनी क्रीडास्पर्धा भरत व विजेत्याला पानांचा मुकुट मिळे. त्यामुळे श्रोत्यांना हा दाखला लगेच उमगला असणार. पण शर्यत म्हटली की धावणाऱ्यांबरोबर धावपट्टी आखणारे, पंच आणि व्यवस्था पाहणारेही लागतात.

आपल्या धर्मग्रामातील कितीतरी मुले फुटबॉल, क्रिकेटमध्ये रमतात. मोठ्या संघात निवड होते ती मोजक्यांचीच. बाकीच्यांनी खेळाचे वेड सोडून द्यायचे का? नाही. स्पर्धांचे नियोजन, मैदानाची देखभाल, हिशेब, प्रायोजक, खेळाडूंचे करार, प्रसिद्धी या सर्वांना मिळून क्रीडा व्यवस्थापन म्हणतात. अमेरिकेतील ओहायो विद्यापीठाने १९६६ साली या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे २००८ मध्ये आयपीएल आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी व इंडियन सुपर लीग सुरू झाल्यावर अशा कामांचे महत्त्व लोकांच्या ध्यानी आले.

आता हा विषय घरबसल्या ऑनलाइन शिकता येतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना ही मोठी सोय आहे. मात्र फी भरण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहा :

१. पदवी हवी असेल, तर त्या विद्यापीठाला व त्या अभ्यासक्रमाला ऑनलाइन शिक्षणाची मान्यता आहे का, हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत तपासा. दलालामार्फत प्रवेश घेऊ नका.

२. प्रमाणपत्र म्हणजे पदवी नव्हे. नोकरीची हमी देणाऱ्या जाहिरातींना भुलू नका.

३. फिजिओथेरपीची पदवी ऑनलाइन मिळत नाही. त्यासाठी महाविद्यालयातच जावे लागते.

४. कर्ज काढण्याआधी ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर व्यवस्थापनाचा एखादा अभ्यासक्रम करून पाहा. शिकणे विनामूल्य आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क पडते.

५. पडद्यावर पाहून सामना भरवता येत नाही. धर्मग्रामाच्या स्पर्धेत वेळापत्रक, पाणी, प्रथमोपचार आणि हिशेब यांची जबाबदारी घ्या. तोच तुमचा पहिला अनुभव.

एक अडचण मोकळेपणाने बोलायला हवी. खेळाचे बरेचसे काम रविवारीच असते. म्हणून मिस्सा चुकवायची का? आदल्या संध्याकाळच्या मिस्साबलिदानात भाग घेतल्यानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. कामाची वेळ ठरवताना मिस्साची वेळही ठरवा. या क्षेत्रात पैसा आहे, तसे सट्ट्याचे व लबाडीचे मोहही आहेत. संत पौलांनी सांगितलेला आत्मसंयम तेथे रोज लागेल.

ऑलिंपिकचे ‘अधिक वेगवान, अधिक उंच, अधिक बलवान’ हे ब्रीद मुळात डॉमिनिकन संघाचे फादर हेन्री दिदों यांनी १८९१ साली फ्रान्समधील आपल्या विद्यार्थ्यांना दिले होते. २०२१ मध्ये त्याला ‘एकत्र’ हा शब्द जोडला गेला. सर्वांना एकत्र आणणे हेच तर व्यवस्थापकाचे काम!

विचारासाठी : देवाने मला खेळण्याचे दान दिले आहे की खेळ घडवून आणण्याचे? मुलाने खेळात करिअर करायचे म्हटले, तर पालक म्हणून मी त्याचे ऐकून घेतो का?

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या तरुणांना योग्य वाट दाखव आणि न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी धावण्याचे बळ दे. आमेन.