औषध बदलण्याआधी पाणी तपासा

सप्टेंबर सरत आला की निफाड, दिंडोरी, तासगावच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या कात्र्या चालू लागतात आणि त्यांच्या मागोमाग फवारणीचे ब्लोअर. औषधाची मात्रा बागायतदार चोख मोजतो. टाकीत सर्वांत जास्त असते ते पाणी मात्र बहुधा न तपासताच भरले जाते.

गढूळ पाणी आणि जड पाणी ही दोन वेगळी दुखणी आहेत. पावसाळ्यानंतर शेततळ्यात चिकणमातीचे बारीक कण तरंगत राहतात. त्यांच्यावर सारखाच ऋणभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात आणि तळाला बसत नाहीत. तुरटीतले ॲल्युमिनियम हा भार मोडते, कणांचे पुंजके होतात आणि गाळ खाली जातो. रात्रभर निवळलेले वरचे पाणी घेतले की नोझलही तुंबत नाही.

बोअरच्या पाण्यात खडकातून विरघळून आलेले कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट असतात. ते ना तुरटीने खाली बसतात, ना कापडाने गाळले जातात. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरी खपली धरते, ही त्यांची खूण. अशा पाण्याचा सामू बहुधा ७ च्या वर असतो, आणि सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक. कॅप्टान हे बुरशीनाशक ५ सामूच्या पाण्यात निम्मे व्हायला सुमारे ३२ तास घेते, ७ ला ८ तास आणि ८ ला अवघी १० मिनिटे. टाकी कालवून चहा पिऊन येईपर्यंत निम्मे औषध संपलेले असते!

जिबरेलिक आम्लाचेही तसेच. ते पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणून आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवतात, आणि द्रावणाचा सामू ५.५ ते ६.५ दरम्यान ठेवतात. त्यासाठी १० लिटर पाण्यात सायट्रिक आम्ल ग्रॅम-ग्रॅमने टाकून सामू मोजावा. किती लागले ते लिहून टाकीच्या हिशेबाने वाढवावे. तुरटी वापरली असेल तर मोजणी त्यानंतर करावी, कारण तुरटीही सामू खाली आणते.

पण ताम्रयुक्त औषधांच्या पाण्यात आम्ल चुकूनही घालू नये. आम्लात तांबे जास्त सुटे होते आणि कोवळी पाने करपतात. बोर्डो मिश्रणात चुना असतो तो यासाठीच. एक टक्का बोर्डोसाठी १ किलो मोरचूद प्लास्टिकच्या पिंपात विरघळवावे, १ किलो कळीचा चुना वेगळा विरवून गाळावा आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत ढवळत ओतावे. एकूण पाणी १०० लिटर. लोखंडी भांडे नकोच. तयार मिश्रणात चकचकीत लोखंडी सुरी मिनिटभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर आला तर तांबे मोकळे आहे, आणखी चुना हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवावे आणि त्यात दुसरे कोणतेही कीटकनाशक मिसळू नये.

छाटणीआधीच पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा. पंप पंधरा-वीस मिनिटे चालू द्यावा, स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी आणि झाकणावर विहीर की बोअर ते लिहावे. दोन्हींचे पाणी आलटून-पालटून वापरात असेल तर बाटल्याही दोन.