दूरचा पहारा : कॅमेऱ्याची निवड, निगा आणि परीक्षा

विद्यार्थिमित्रहो, आपल्या माधवनगरात पूर्वी गोदामाच्या दाराशी कंदील व काठी घेऊन गुरखा बसे. आज त्याच दारावर एक काचेचा डोळा बसलेला दिसतो, आणि गोदामाचे मालक पुण्यास किंवा मुंबईस असले तरी खिशातील फोन काढून दाराला कुलूप आहे की नाही, हे पाहू शकतात. किराणा दुकान, पतपेढी, दवाखाना, शाळा, इतकेच नव्हे तर राहती घरेही आता या डोळ्याच्या पहाऱ्याखाली आली आहेत. तथापि कॅमेरा विकत घेणे निराळे आणि पहारा ठेवणे निराळे. या विषयाची थोडी शास्त्रशुद्ध माहिती विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस व्हावी, म्हणून हा पाठ आम्ही लिहीत आहो.

प्रथम थोडा इतिहास पाहू. 1942 साली जर्मनीतील पेनेम्युंडे येथे अग्निबाणांच्या चाचण्या चालत असता, उड्डाण जवळून पाहणे जिवावर बेतण्यासारखे होते. म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने तारेने जोडलेल्या कॅमेऱ्याची योजना केली, व लोक सुरक्षित जागी बसून उड्डाण पाहू लागले. 1966 साली न्यूयॉर्क येथील मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या परिचारिकेने, रात्री-अपरात्री दारावर कोण आले हे आतूनच दिसावे, म्हणून कॅमेरा व दूरचित्रवाणीचा पडदा यांची घरगुती योजना तयार केली. तिला 1969 साली एकाधिकारपत्र मिळाले. 1991 साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी तर कॉफीचे भांडे भरलेले आहे की रिकामे, हे आपल्या जागेवरूनच कळावे, म्हणून त्या भांड्यावर कॅमेरा रोखला. पुढे 1993 पासून ते भांडे इंटरनेटवरून साऱ्या जगास दिसू लागले. जीवाचे भय, घराची काळजी आणि क्षुल्लक सोय या तिन्ही कारणांनी हे यंत्र वाढले आहे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या महाराष्ट्रात 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर या साधनाकडे शासनाचे लक्ष विशेष वेधले. 2016 च्या ऑक्टोबरापर्यंत मुंबईत सुमारे 1,500 ठिकाणी सुमारे 4,700 कॅमेरे पोलिसांच्या नियंत्रण-कक्षास जोडले गेले. शाळांची गोष्ट याहून नाजूक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूर येथील एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आल्यावर, 21 ऑगस्टच्या निर्णयाने शासनाने शाळांस एका महिन्यात कॅमेरे बसविण्याची आज्ञा केली, आणि मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे असेही बजावले. या आज्ञेतील दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे असे आम्हांस वाटते. कारण भिंतीवर टांगलेला पण न तपासलेला कॅमेरा हा पहारेकरी नसून पहारेकऱ्याचे बुजगावणे होय.

निवड

दुकानात जाऊन "चांगला कॅमेरा द्या" असे म्हणणे म्हणजे औषधाच्या दुकानात जाऊन "चांगले औषध द्या" असे म्हणण्यासारखे आहे. आधी रोग ठरवावा. आपणांस काय पाहावयाचे आहे? कोणी आले एवढेच कळावयाचे आहे, की आलेल्या माणसाचा चेहरा ओळखावयाचा आहे?

येथे थोडे गणित करू. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे 1,920 बिंदू असतात. अनोळखी माणसाची ओळख पटण्यास दर मीटर रुंदीस सुमारे 250 बिंदू लागतात, असे या विषयातील आंतरराष्ट्रीय मानक सांगते. 1,920 ला 250 ने भागिले असता 7.68 येतात. म्हणजे चित्रात सुमारे साडेसात मीटरांहून अधिक रुंदीचा देखावा घेतला की चेहऱ्याची ओळख अवघड होते. 2.8 मिलिमीटरच्या भिंगाचा कोन सुमारे 100 अंशांचा असतो. त्याने ही मर्यादा अवघ्या सव्वातीन मीटरांवर गाठली जाते. 6 मिलिमीटरच्या भिंगाचा कोन सुमारे 50 अंशांचा. त्याने ती सुमारे 8 मीटरांपर्यंत जाते. पुष्कळ लोक रुंद भिंगाचा कॅमेरा पंधरा मीटर दूरच्या फाटकाकडे रोखतात. तेथे दर मीटरास जेमतेम 54 बिंदू पडतात, व माणसाचा सारा चेहरा आठ बिंदूंत मावतो! चोर दिसतो खरा, पण तो कोण ते कळत नाही. म्हणून अंगणासाठी रुंद भिंग आणि दारासाठी अरुंद भिंग, असे दोन निराळे कॅमेरे घेणे हेच शहाणपणाचे. दारातला कॅमेरा फार उंचही लावू नये, नाहीतर टोप्या आणि डोकीच तेवढी दिसतात.

दुसरा प्रश्न तारेचा. जुन्या पद्धतीत प्रत्येक कॅमेऱ्यास चित्राची एक तार व विजेची दुसरी तार लागते, आणि रेकॉर्डरास डीव्हीआर म्हणतात. नव्या पद्धतीत संगणकाच्या जाळ्याची एकच तार चित्र आणि वीज दोन्ही वाहते. तिच्या रेकॉर्डरास एनव्हीआर म्हणतात. या तारेची एका टप्प्याची मर्यादा 100 मीटर आहे. ज्यांच्याकडे जुन्या तारा चांगल्या आहेत, त्यांनी त्या उपटून टाकण्याचे कारण नाही. नवे बांधकाम असेल तर दुसरी पद्धत पत्करावी. बिनतारी कॅमेरा बसविण्यास सोपा खरा, पण वीज त्यासही लागतेच आणि जाड भिंती त्याच्या लहरी अडवितात.

तिसरा प्रश्न साठवणीचा. एक कॅमेरा सेकंदास 2 मेगाबिट माहिती पाठवितो असे धरा. आठ बिटांचा एक बाइट, व दिवसाचे 86,400 सेकंद. म्हणून एका दिवसाचे 21.6 गिगाबाइट, चार कॅमेऱ्यांचे 86.4, आणि तीस दिवसांचे 2,592 गिगाबाइट होतात. दुकानदार 2 टेराबाइटची डिस्क देऊन "महिनाभर पुरेल" असे सांगू लागल्यास हे गणित त्याच्यापुढे मांडावे. ती तेवीस दिवसांत भरते, आणि मग नवे चित्रण जुन्यावर चढू लागते. नव्या संक्षेप-पद्धतीने जागा बरीच कमी लागते. पण रेकॉर्डर व कॅमेरा दोघांसही ती येत असली पाहिजे.

रेकॉर्डर कोठे ठेवावा? गल्ल्याखाली मुळीच ठेवू नये. चोर हुशार झाले असून ते ऐवजाबरोबर रेकॉर्डरही उचलून नेतात. शिवाय आपला मुलूख कृष्णाकाठचा. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर चढले होते, आणि तेथील धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. नदीकाठच्या आमच्या वाचकांनी रेकॉर्डर माळ्यावर, कुलुपात ठेवावा. आणि महत्त्वाच्या एका कॅमेऱ्याचे चित्रण तरी बाहेरगावच्या साठवणीत जाईल अशी तजवीज करावी.

दुरून पाहणे

फोनवर चित्र येते ते आपल्या घरच्या इंटरनेटच्या चढत्या वेगावर अवलंबून असते, उतरत्या वेगावर नव्हे. आठ कॅमेऱ्यांचे पूर्ण चित्र पाठवावयाचे तर 16 मेगाबिटांचा चढता वेग हवा. म्हणून प्रत्येक कॅमेरा दोन प्रवाह देतो : साठवणीसाठी जाड, पाहण्यासाठी बारीक. फोनवर बारीक प्रवाह निवडला म्हणजे चित्र अडखळत नाही.

परंतु ज्या दाराने आपण आत पाहतो, त्याच दाराने दुसराही आत पाहू शकतो. 2016 साली 'मिराई' नावाच्या दुष्ट आज्ञावलीने लक्षावधी कॅमेरे व रेकॉर्डर आपले दास केले. त्यासाठी तिला मोठी विद्या लागली नाही. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी बदललाच नव्हता, आणि असे साठ-एक शब्द ती पाळीपाळीने लावून पाहत असे. 21 ऑक्टोबर 2016 रोजी त्या दास यंत्रांच्या हल्ल्याने अमेरिकेतील कित्येक मोठी संकेतस्थळे बंद पडली. यास्तव बसविणारा कारागीर घरी जाण्यापूर्वीच परवलीचा शब्द आपल्या हाताने बदलावा, तो लांब ठेवावा, आणि यंत्राची आज्ञावली वेळोवेळी नवी करावी. 2025 पासून आपल्या देशात विकावयाच्या कॅमेऱ्यांस सुरक्षिततेची सरकारी परीक्षा लागू झाली आहे. खरेदी करताना तिचे प्रमाणपत्र मागावे.

बिघाडाची परीक्षा

बिघाड शोधताना घाई करू नये. वैद्य जसा नाडीपासून आरंभ करितो, तसा विजेपासून आरंभ करावा; मग तार, मग जोड, मग रेकॉर्डर, आणि शेवटी इंटरनेट. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

एकच कॅमेरा बंद असेल, तर शेजारच्या चालू कॅमेऱ्याची तार त्यास लावून पाहावी. चित्र आले तर दोष तारेत. न आले तर कॅमेऱ्यात. सगळेच एकदम बंद झाले, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा रेकॉर्डरात शोधावा.

कॅमेरा दिवसा उत्तम चालतो आणि अंधार पडताच मालवतो, अशी तक्रार पुष्कळांची असते. त्यात भुताटकी नाही. रात्री कॅमेऱ्याचे अदृश्य दिवे लागतात व त्यास अधिक वीज लागते. तार बारीक व लांब असली की 12 व्होल्टांचे टोकापर्यंत 10 सुद्धा उरत नाहीत. जाड तार किंवा जवळचा वीजपुरवठा हा त्यावर उपाय होय.

रात्रीचे चित्र पांढरट धुक्यासारखे दिसत असेल, तर आधी फडके घ्या. धूळ व कोळ्याचे जाळे कॅमेऱ्याचाच प्रकाश परत त्याच्या डोळ्यात फेकतात.

फोनवर चित्र येत नाही, पण दुकानातील पडद्यावर येते, अशा वेळी कॅमेऱ्यास हात लावू नये. दोष इंटरनेटात आहे. आणि पडद्यावर चित्र येते पण कालचे चित्रण सापडत नाही, तर डिस्क मेली असे समजावे. हा दोष सर्वांत घातकी, कारण तो गरजेच्या दिवसापर्यंत लपून राहतो. म्हणून दर आठवड्यास एकदा मागच्या आठवड्यातील कोणतीही पाच मिनिटे काढून पाहावीत.

घड्याळाची गोष्ट

आता आमच्या पाहण्यातील एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या सुटीत आमचा एक विद्यार्थी सुताच्या एका पेढीवर हाताखाली काम करीत असे. एके दिवशी गल्ल्यातील रक्कम कमी भरली. मालकांनी चित्रण पाहिले, तो पेढी बंद झाल्यावर रात्री 9 वाजून 10 मिनिटांनी हा मुलगा एकटाच आत शिरताना दिसला. मुलाने शपथेवर नाही म्हटले. कोणी ऐकेना. त्याचे वडील हमाल. ते आमच्याकडे आले व पायरीवर बसून राहिले. त्यांना शब्द फुटेना.

आम्ही मालकांकडे गेलो व चित्रण पुन्हा दाखविण्याची विनंती केली. चित्रात उंबऱ्यावर पिवळे तिरके ऊन पडले होते! रात्री नऊ वाजता ऊन कोठून? मालकांनी आकड्यांकडे पाहिले होते, उन्हाकडे पाहिले नव्हते. रेकॉर्डराची वेळ तपासली, तो ती बरोबर अडीच तास पुढे होती. यंत्र परदेशी, त्याच्या घड्याळास कारखान्यातील चिनी वेळ लागलेली. ती ग्रिनिचच्या पुढे 8 तास, आणि आपली साडेपाच. खरी वेळ 6 वाजून 40 मिनिटे होती, आणि त्या वेळी मालकांनी स्वतःच त्यास वही आणण्यास आत पाठविले होते. दोन दिवसांनी रकमेचाही उलगडा झाला. मालकांच्या धाकट्या भावाने ती एका सूतवाल्यास दिली होती व लिहावयाचे राहिले होते. मालक दिलदार, ते स्वतः हमालाच्या घरी जाऊन मुलाचा हात धरून "चुकलो" म्हणाले. परंतु ते दोन दिवस त्या घरात चूल कशी पेटली असेल, हे आम्ही अजून विसरलो नाही.

वेळेचे हे महत्त्व न्यायालयांतही पटलेले आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या 2014 च्या निवडणुकीत एक उमेदवारी अर्ज 27 सप्टेंबरच्या दुपारी 3 वाजण्याच्या मुदतीनंतर सादर झाला, असा वाद उपस्थित झाला. विजय अवघ्या 296 मतांचा होता. निर्णय-अधिकाऱ्याच्या कचेरीत व बाहेर केलेले चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. उच्च न्यायालयाने 2017 साली ती निवडणूक रद्द ठरविली. आणि सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी तो निर्णय कायम करताना, मूळ यंत्र न आणता केवळ प्रत सादर केल्यास कायद्यातील प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे स्पष्ट केले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमातही ही अट आहे. म्हणून काही घडल्यास फोनने पडद्याचे चित्र काढून गावभर पाठवीत बसू नये. मूळ चित्रण जपून ठेवावे आणि पोलिसांस कळवावे.

मर्यादा

शेवटी एक गोष्ट. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले आहे. आपला कॅमेरा आपल्या दारावर असावा, शेजाऱ्याच्या खिडकीवर नसावा. स्नानगृह किंवा कपडे बदलण्याची जागा येथे तो बसविणे हे पाप तर आहेच, गुन्हाही आहे. जेथे कॅमेरा आहे तेथे तशी पाटी असावी.

पालकहो, दूर बसून मुलांस पाहण्याची सोय झाली म्हणून त्यांच्याशी बोलण्याचे काम संपले असे समजू नका. कॅमेरा काय घडले ते सांगेल. का घडले ते सांगणार नाही. आणि विद्यार्थिमित्रहो, यंत्राने दिलेल्या साक्षीवरून कोणास दोषी ठरविण्यापूर्वी त्या यंत्राचीही उलटतपासणी घ्या. आकड्यांबरोबर उंबऱ्यावरचे ऊनही पाहा.

अभ्यासासाठी प्रश्न

1. सहा कॅमेरे, प्रत्येकी सेकंदास 2 मेगाबिट, व 4 टेराबाइटची डिस्क. चित्रण किती दिवस टिकेल?
2. चार मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे 2,560 बिंदू असल्यास, चेहरा ओळखण्यासाठी देखाव्याची रुंदी जास्तीत जास्त किती ठेवता येईल?
3. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या रेकॉर्डराची वेळ मालकांच्या परवानगीने तपासा, व ती किती मिनिटांनी चुकली आहे ते लिहा.