दारावरची पाटी नीट वाच

अमरावती

चि. मृण्मयी,


तू शिकायला स्पेनला निघालीस, हे ताईनं अकोल्याहून फोनवर सांगितलं. फार आनंद झाला. तुझी क्रियापदं पाठ आहेत, व्याकरण पक्कं आहे. पण तिथं पहिल्याच आठवड्यात तुझी गाठ पडेल ती दुकानाच्या दारावरच्या पाटीशी. म्हणून हे पत्र.

'ओरारियो' या मथळ्याखाली बहुधा असं काही लिहिलेलं असेल: 'दे लूनेस आ व्येर्नेस, दे १०:०० आ १४:०० ई दे १७:०० आ २०:३०'. म्हणजे सोमवार ते शुक्रवार, सकाळी दहा ते दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ. यातला 'ई', म्हणजे 'आणि', कधी नजरेआड करू नकोस. आपल्याकडे टिळक रोडवरचं दुकान सकाळी उघडलं की रात्रीच बंद होतं. त्यामुळे आपण पहिली आणि शेवटची वेळ तेवढी टिपतो. तिथं तसं केलंस, तर दुपारी बंद दारासमोर उभी राहशील. दुकान मधे बंद होत नसेल, तर पाटीवर 'इनिंतेर्रुंपिदो' असतं.

कधी कधी वार नुसत्या आद्याक्षरांनी लिहितात. 'मार्तेस' आणि 'मिएर्कोलेस' दोन्ही 'एम'नं सुरू होतात, म्हणून बुधवारसाठी 'एक्स' वापरतात. त्या दिवशी दुकान बंद असल्याची ती फुली समजू नकोस. बंदसाठी 'थेर्रादो' असं स्पष्ट लिहितात.

पाटीवर १७:०० असलं तरी दुकानदार तोंडानं 'आ लास थिंको' म्हणजे पाचच म्हणेल. 'मेदिओदिआ' शब्दशः मध्यान्ह, पण बोलण्यात तो दोन-तीन वाजेपर्यंतही ताणला जातो. शंका आली तर सरळ विचार: '¿आस्ता के ओरा एस्तान आबिएर्तोस?' किती वाजेपर्यंत उघडं आहे, हे विचारण्यात कमीपणा नाही.

रविवार आणि 'फेस्तिवोस', म्हणजे सुट्ट्या, यांची ओळ वेगळी वाच. आपल्याकडे २०१७च्या कायद्यानं दुकानं वर्षभर उघडी ठेवायची मुभा दिली. स्पेनमध्ये रविवारचे नियम स्वायत्त प्रदेशाप्रमाणे बदलतात. माद्रिदमध्ये २०१२ पासून मोकळीक आहे, इतर अनेक ठिकाणी मोठी दुकानं बऱ्याच रविवारी बंद असतात. शिवाय प्रत्येक गावाच्या दोन स्थानिक सुट्ट्या असतात. ऑगस्टमध्ये लहान दुकानांवर 'थेर्रादो पोर वाकाथिओनेस' ही चिठ्ठी दिसेल, म्हणजे मालक सुट्टीवर. रात्री औषध लागलं तर 'फार्माथिआ दे ग्वार्दिया', म्हणजे पाळीवरचं औषधांचं दुकान, शोध. त्या वेळी कोणतं दुकान उघडं आहे, ते औषधांच्या दुकानांच्या दारावर लावलेलं असतं.

दुपारी दुकान बंद दिसलं, तर त्या लोकांना आळशी म्हणू नकोस. जेवण आणि घर यांना त्यांनी दिवसात जागा ठेवली आहे. भाषा शिकायची तर त्या माणसांच्या दिवसाची घडीही मानायला हवी.

जायच्या आधी रोज एका ओळखीच्या दुकानाची वेळ स्पॅनिशमध्ये लिहीत जा आणि मोठ्यानं वाच. आजपासूनच सुरू कर.

तुझा,
मामा