गाठ दाखवताना जुना आजार सांगा

रक्ताचा कर्करोग एकदा होऊन गेला असेल आणि पुढे कधी स्तनात गाठ लागली, तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना तो जुना आजार आधी सांगा. तो चिठ्ठीवर लिहिलेला असेलच, असं धरून चालू नका. माझ्या चिठ्ठीवर 'उजव्या स्तनात गाठ' एवढंच होतं.

मी साकोली तालुक्यातल्या एकोडीची. बाविसाव्या वर्षी मला ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झाला. नागपुरात केमो झाली, गोळ्यांचा लांबलचक टप्पा संपला, रक्त चांगलं येऊ लागलं. पुढे ऐन रोवण्याच्या दिवसांत अंघोळ करताना गाठ हाताला लागली. दुखत नव्हती. बांधावरच्या बाया म्हणाल्या, दुखत नाही ना, मग भिऊ नको. या बोलण्यावर कुणीही विसंबू नये. स्तनातल्या कितीतरी गंभीर गाठी सुरुवातीला दुखतच नाहीत.

जवळच्या एका केंद्रात सोनोग्राफी झाली. काळसर, लांबट गोल, बऱ्यापैकी गुळगुळीत कडांची गाठ. तरुण वयात असं दिसलं की बहुधा ती फायब्रोॲडेनोमाची, म्हणजे साधी गाठ निघते. अहवालात 'बायरॅड्स ३' आलं. याचा अर्थ, कर्करोगाची शक्यता दोन टक्क्यांहून जास्त नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. पण हा हिशेब आधी कर्करोग न झालेल्या बायकांचा आहे. ल्युकेमिया होऊन गेलेल्या बाईने सहा महिने थांबायचं नसतं.

नागपूरच्या रक्तविकारतज्ज्ञांनी फेरतपासणीत हात लावून पाहिलं, तेव्हा डावीकडेही एक लहान गाठ सापडली. त्यांनी लगेच जाड सुईची बायोप्सी करायला सांगितली. ल्युकेमिया स्तनात परतला होता, आणि रक्ताचा साधा रिपोर्ट मात्र तेव्हाही चांगलाच होता.

हे असं फार क्वचित होतं, पण होतं तेव्हा चित्र फसवं असतं. ल्युकेमियाच्या पेशी स्तनाच्या मूळ रचनेत शिरून बसतात. दूधनलिकेच्या कर्करोगात मॅमोग्राफीवर जे चुन्याचे बारीक ठिपके अनेकदा दिसतात, ते इथे सहसा नसतात. तरुण स्तन दाट असतो, त्यामुळे मॅमोग्राफीत कधीकधी काहीच दिसत नाही. सोनोग्राफीत गाठ एक किंवा अनेक, एका बाजूला किंवा दोन्हीकडे, कडा कधी स्वच्छ, कधी पुसट. एमआरआय आणि पेट स्कॅनमध्ये ती उठून दिसते, आजार आणखी कुठे आहे तेही कळतं, पण ती नेमकी कशाची आहे हे कोणतंच चित्र खात्रीनं सांगत नाही. ल्युकेमियाच्या मायलॉइड प्रकारात तर रक्तात आजार दिसण्याआधीच अशी गाठ येऊ शकते. कापल्यावर अनेकदा हिरवट दिसणाऱ्या या गाठींची वैद्यकातली नोंद १८११ पासूनची आहे.

म्हणून बायोप्सीचा तुकडा देतानाही जुनं निदान लिहून द्या. पॅथॉलॉजिस्टला ते ठाऊक असेल तर योग्य विशेष तपासण्या लावल्या जातात. नाहीतर या पेशी लिम्फोमासारख्या किंवा स्तनाच्याच कर्करोगासारख्या भासू शकतात. हा फरक अतिशय मोठा आहे. एका नातेवाइकांनी मला स्तन काढून टाकून मोकळं व्हायला सांगितलं होतं. ल्युकेमियात तेवढ्यानं काही साधत नाही, कारण आजार सगळ्या शरीराचा असतो. मला बोन मॅरो आणि पाठीच्या पाण्याची तपासणी करून पुन्हा केमो दिली, मग भावाच्या मूळपेशी घेऊन ट्रान्सप्लांट झालं.

पहिल्या आजाराचं डिस्चार्ज कार्ड, बोन मॅरोचा रिपोर्ट आणि शेवटच्या केमोची तारीख एका पिशवीत ठेवा आणि साकोलीला जा की भंडाऱ्याला, ती सोबत न्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे पहिल्याच दिवशी करा. आणि घरात कुणी बाळंतीण असेल, तिला आधी ल्युकेमिया होऊन गेला असेल, तर तिच्या स्तनातली गाठ दुधाचीच आहे असं घरच्या घरी ठरवू नका.