कोचला काढण्याआधी

कोल्हापूर

चि. समीर,


तुझा मेसेज वाचला आणि फोन करायचा नाही असं ठरवलं. फोनवर तू दर वाक्याला 'हो मामा' म्हणतोस आणि मनात दुसरंच काहीतरी घोळवत असतोस. कागदावरचं निदान दोनदा वाचशील, आणि वाटलं तर कमिटीतल्या मंडळींपुढेही ठेवशील.

मला समजलं ते असं. चौदा वर्षांखालच्या लीगमध्ये तुमच्या मुलांनी एका नवख्या शाळेवर १९ गोल चढवले. त्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचं पत्र आलं. मग कमिटीतल्या दोघांनी 'कोचला काढा' असा धोशा लावला, आणि त्यातल्या एकाने ग्रुपवर इटलीची जुनी बातमी टाकली: बघा, तिथे काढलाच की. तिथल्या क्लबने केलं ते बरोबर होतं का, असं तू मला विचारतोस.

माझं उत्तर आधीच देऊन टाकतो. त्या क्लबला लाज वाटली ते बरोबर होतं. त्या लाजेपोटी कोचला घरी पाठवलं ते चूक होतं. तुमच्या कोचलाही काढू नका. पण त्याला तसाच सोडूही नका.

ती बातमी ऑक्टोबर २०१९ ची. टस्कनीत ग्रोसेतो नावाचं शहर आहे, तिथला इनव्हिक्टासाउरो हा क्लब. त्यांच्या युवा संघाने शेजारच्या मरीना काल्चोला २७–० असं हरवलं. आपल्याकडे दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला असता, मधोमध कोच आणि कोपऱ्यात नगरसेवक. तिथे क्लबच्या अध्यक्षांनी, पाओलो ब्रोजेल्ली यांनी, समोरच्या क्लबची माफी मागितली. मुलांच्या फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्ध्याचा मान राखायचा असतो, तो राखला गेला नाही, असं म्हणाले आणि कोचला काढून टाकलं. त्याच्या दोन वर्षं आधी स्पेनमध्येही असंच झालं होतं. व्हॅलेन्सियाच्या सेरानोस क्लबची दहा-अकरा वर्षांची पोरं २५–० ने जिंकली आणि त्यांच्या कोचला जावं लागलं.

अध्यक्षांची माफी मला मनापासून आवडली. जिंकलेल्या क्लबने हरलेल्याची माफी मागायची, हे आपल्याकडे कुणाला सुचणार नाही. पण त्याच्या पुढचं पाऊल बघ. २७ गोल म्हणजे दर तीनेक मिनिटांना एक. एवढा वेळ क्लबचं कुणीच मैदानाच्या कडेला नव्हतं का? दहाव्या गोलाला कुणी जाऊन कोचच्या कानात चार शब्द घातले असते तर माफीची वेळच आली नसती. सामना होऊन गेल्यावर एका माणसाला दारातून बाहेर काढलं की बाकी सगळे धुतल्या तांदळासारखे होतात, आणि नेमकं तेच मला खटकतं. तुमच्या कमिटीतल्या त्या दोघांना एवढंच विचार, की १९ गोल होत होते तेव्हा ते कुठे होते. तुझ्याच मेसेजवरून मला कळलंय की एक जण मोबाइलवर चित्रीकरण करत होता.

आणखी एक गोष्ट त्या अध्यक्षांच्या लक्षात आली नसावी. कोचला काढलं नसतं तर ग्रोसेतोबाहेर तो सामना कुणाला कळला असता? काढलं म्हणून बातमी जगभर गेली. मी इथे रंकाळ्याच्या काठी बसून मरीना काल्चो हे नाव ओळखतो ते फक्त त्या आकड्यामुळे. ज्या पोरांचा मान राखायचा म्हणून ही शिक्षा दिली, त्यांचाच पराभव त्या शिक्षेने गावोगाव पोचवला. तुम्ही उद्या कोचला काढलंत तर पुण्याच्या पेपरात चार ओळी येतील, आणि त्या शाळेचं नाव १९–० च्या शेजारी छापलं जाईल. बाईंना हे हवंय का, ते एकदा त्यांनाच विचारून बघ.

आता दुसरं टोक. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा काढल्या, तेव्हा तू कॉलेजात होतास, आठवत असेल. भंडारी चषकाचा, सोळा वर्षांखालच्या मुलांचा सामना. के. सी. गांधी शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. इंग्लंडच्या कॉलिन्सचा १८९९ पासून टिकलेला नाबाद ६२८ चा विक्रम मोडला. सचिनने बॅट भेट दिली, मुंबई क्रिकेट संघटनेने दरमहा १०,००० रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. हे सगळं योग्यच. त्या पोराने दोन दिवस उन्हात उभं राहून कष्टाने धावा काढल्या होत्या. पण समोर आर्य गुरुकुलची बरीचशी लहान वयाची पोरं होती. त्यांचे दोन डाव ३१ आणि ५२ मध्ये संपले. सामना एक डाव आणि १३८२ धावांनी गेला. दोन दिवस चेंडू आणायला पळणाऱ्या त्या पोरांबद्दल चार ओळी लिहाव्यात असं फार थोड्यांना वाटलं. 'बस झालं, डाव सोडा' असं कोचने कधी म्हणायला हवं होतं, हा प्रश्न तर जवळजवळ कुणी काढलाच नाही. आणि त्या आकड्याने प्रणवलाही सुखाने राहू दिलं नाही. पुढच्या प्रत्येक खेळीत लोक हजार धावाच शोधत राहिले, फॉर्म गेला, आणि दीड-एक वर्षात त्याच्या वडिलांनीच ती शिष्यवृत्ती थांबवा असं संघटनेला कळवलं. इतक्या स्वाभिमानाने वागलेला बाप मला दुसरा आठवत नाही. असो, विषय तो नाही.

म्हणजे आपण पेढे वाटतो आणि ते नोकरी घेतात. मला दोन्ही पटत नाही, कारण मैदानावर त्या कोचने नक्की काय करायला हवं होतं, हा प्रश्न दोन्हीकडे तसाच राहतो.

'गोल थांबवायचे' असं कुणीही सहज म्हणेल. पण मुलांना सांगून बघ, की आता गोल करू नका. ती आपापसात चेंडू फिरवत बसतात, प्रेक्षक हसतात, आणि समोरच्या गोलकीपरला कळतं की आपली कीव केली जातेय. त्यापेक्षा अठरावा गोल खाल्लेला परवडतो. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीने बेलो होरिझोंतेत ब्राझीलला ७–१ हरवलं. मध्यंतरालाच ५–० झालं होतं. त्यांचा बचावपटू हुमेल्स नंतर म्हणाला की मध्यंतरात त्यांचं ठरलं होतं: खेळ मन लावूनच करायचा, पण दिखाऊ काही करायचं नाही आणि समोरच्याचं हसं करायचं नाही. मोठ्या माणसांच्या सामन्यात एवढं पुरतं. पोरांच्या सामन्यात कोचला आणखी थोडी करामत करावी लागते.

ती करामत अवघड नाही. पाच गोल झाले की तुमचा तो दहा नंबरचा पोरगा बाहेर बसव आणि बाकावरच्याला आत पाठव. बॅकला फॉरवर्डला आण, फॉरवर्डला मागे ने. उजव्या पायाच्या मुलाला सांग, आता फक्त डाव्याने मारायचं. दोनच टच घ्यायचे. सगळ्यांचा एकेक पास झाल्याशिवाय शॉट नाही. यात कुणी नाटक करत नाही. तुमची पोरं खरोखरच काहीतरी अवघड करत असतात, चुकतात, चेंडू गमावतात, आणि समोरच्यांना तो खरोखर मिळतो. बाहेरून बघणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही. जो कोच हे करतो तो आपल्या पोरांचंच भलं करतो, कारण १४–० वर पंधरावा गोल मारून फॉरवर्ड काहीच शिकत नाही. तुमच्या कोचने यातलं काही केलं का, हे तू मला लिहिलंच नाहीस. तुझी सगळी चौकशी त्या एका आकड्याभोवती फिरते.

त्याची बाजू मात्र तू लिहिली आहेस, आणि ती मला वजनदार वाटली. गटातून एकच संघ पुढे जाणार, गुण बरोबरीत आले तर गोलफरक बघणार, मग मी गोल कसे सोडू, असं तो म्हणतो. २०१९ च्या महिला विश्वचषकात अमेरिकेने थायलंडला १३–० हरवलं, तेव्हा टीका करणाऱ्यांना अमेरिकेनेही हेच उत्तर दिलं होतं, आणि विश्वचषकात ते चालून जातं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या लीगमध्ये हा नियम ठेवणाऱ्याला आधी जाब विचारायला हवा. अमेरिकेतल्या मुलांच्या कित्येक स्पर्धांत ठरावीक गोलांच्या पुढचा फरक मोजतच नाहीत. नॉर्वेत अकरा वर्षांखालच्या मुलांची गुणतालिकाच लावत नाहीत, आणि लहान मुलांच्या सामन्यात चार गोलांनी मागे पडलेल्या संघाला एक खेळाडू जादा उतरवता येतो. आणि लांब कशाला जायचं, आपल्या कुस्तीचंच बघ. मातीत पाठ टेकली की हलगी थांबते, पडलेल्या पैलवानाला उठवून पुन्हा सव्वीस वेळा कुणी चीत करत नाही. मॅटवरच्या फ्रीस्टाइललाही १० गुणांची आघाडी झाली की पंच कुस्ती संपवतात. फुटबॉलमध्ये शिट्टी वेळेवरच वाजते. म्हणून तिथे कोचलाच शहाणपण आणावं लागतं, आणि ते त्याला आधी कुणीतरी सांगावं लागतं. त्याला नेमताना तुम्ही काय सांगितलंत? 'ट्रॉफी आण' याखेरीज काही?

कोचला काढणं कधीच योग्य नसतं, असं मात्र मी म्हणत नाही. त्यासाठी तुला एक तिसरी गोष्ट सांगतो, बास्केटबॉलची. जानेवारी २००९, अमेरिकेतलं डॅलस शहर. कव्हेनंट स्कूलच्या मुलींनी डॅलस अकॅडमीच्या मुलींना १००–० हरवलं. मध्यंतराला ५९–० होतं. हरलेली शाळा शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांची. पूर्ण हायस्कूलमध्ये मुली होत्या वीस, त्यातल्या आठ संघात, आणि चार हंगामांत एकही विजय नाही. जिंकलेल्या शाळेने माफी मागितली, सामना सोडायची तयारी दाखवली. तोवर कोच जागेवरच होता. मग त्याने उघडपणे लिहिलं की शाळेची ही माफी मला मान्य नाही, आमच्या मुलींनी लाज वाटून घ्यावी असं काही केलेलं नाही. त्याच दिवशी त्याला काढलं.

मला ते काढणं ग्रोसेतोपेक्षा जास्त पटतं. सामन्याच्या भरात माणसाकडून अतिरेक होतो, विशेषतः वय चोवीस असेल आणि पालक मागून ओरडत असतील तर. पण रात्र उलटली, हरलेल्यांचे चेहरे आठवायला वेळ मिळाला, शाळेने स्वतः मान खाली घातली, आणि तरीही जो म्हणतो की यात काही वावगं नव्हतं, त्याच्या हाती पोरं देताना मीही दहादा विचार करीन. आपल्या मुलींच्या बाजूने तो बोलला हे मला समजतं, त्यात थोडं शौर्यही आहे. पण मुलींना दोष कुणी दिलाच नव्हता. शाळेचं बोलणं होतं त्याच्याबद्दल, आणि त्याने ते मुलींच्या आड उभं राहून परतवलं.

तुमच्या कोचला दुसऱ्या दिवशी कुणी काही विचारलं का? तुझ्या मेसेजमध्ये ग्रुपवर कोण काय म्हणालं याच्या वीस ओळी आहेत, आणि तो समोरासमोर बसून काय म्हणाला याची एकही नाही. गोलफरकाचं त्याचं उत्तरसुद्धा तुला तिसऱ्याकडून कळलेलं दिसतं. शुक्रवारच्या बैठकीआधी त्याला एकट्याला चहाला ने. क्लबच्या ऑफिसात नको, तिथे सेक्रेटरीची खुर्ची मध्ये येते. पाच गोलांनंतर तू काय बदललंस, एवढंच विचार आणि गप्प बस. गोलफरकाबद्दल बोलला तर ऐकून घे. समोरच्या गोलकीपरबद्दल तो आपणहून काही बोलतो का, तेवढं लक्षात ठेव.

मग त्याला घेऊन त्या शाळेत जा. दोघांनी जायचं, पत्र पाठवायचं नाही. बाईंशी बोलून झालं की त्यांच्या पी.टी. सरांना विचार, महिन्यातून एक शनिवार आमची पोरं आणि तुमची पोरं मिसळून दोन संघ केले तर चालेल का. शूज आणि चेंडू तुमच्याकडून द्या, पण ते देताना फोटो काढू नका. तो कोच या कामाला तयार नसेल, तोंड वाकडं करत असेल, तर मला पुन्हा लिही. तेव्हा माझं मत बदलू शकेल.

बैठकीत एकच ठराव मांड, की जिल्हा संघटनेला पत्र लिहून मुलांच्या लीगमध्ये पाच गोलांच्या पुढचा फरक मोजू नये अशी विनंती करायची. त्यावर तुमच्या क्लबची सही पहिली असू दे. गटात तुम्ही वर असताना केलेली मागणी लोक ऐकतात. खाली गेल्यावर केली तर रडगाणं म्हणतील. आणि ते चित्रीकरण करणारे गृहस्थ आहेत ना, त्यांना तो व्हिडिओ आजच काढून टाकायला सांग. ग्रुपवरून आणि इन्स्टाग्रामवरूनही.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. यंदाचा गूळ चांगला उतरलाय. पुढच्या आठवड्यात कुणी पुण्याला येणार असेल तर त्याच्याबरोबर दोन ढेपा पाठवतो, नाहीतर तूच शाहू स्टेडियमवर फायनल बघायला येशील तेव्हा घेऊन जा.

तुझा,
मामा