पियानोवरचे रेव्हरंड

प्रश्न : अरीथा फ्रँकलिनच्या गाण्याचा ‘अमेझिंग ग्रेस’ हा चित्रपट पाहिला. त्यात पियानोवर बसलेले स्थूल गृहस्थ वाजवतात, मध्येच गातात, लोकांशी गप्पाही मारतात आणि सगळे त्यांना ‘रेव्हरंड’ म्हणतात. हे वादक की धर्मगुरू? आमच्या वसईच्या फादरांची अनेक वर्षे सेमिनरीत जातात. मग हे गृहस्थ एवढे गाणे शिकले कधी?

उत्तर : दोन्ही. हे रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये हे चित्रण झाले, तेव्हा ते त्याच शहरातल्या कॉर्नरस्टोन चर्चचे पास्टर होते. ते चर्च त्यांनीच १९७० मध्ये सुरू केले होते. म्हणजे पदवी खरीखुरी, नुसती मानाची नव्हे.

‘पाद्री’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कॅथलिक फादर येतात : सेमिनरी, बिशपची नेमणूक, आजन्म ब्रह्मचर्य. तुमचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्लीव्हलंड बॅप्टिस्ट, आणि बॅप्टिस्टांची रीत वेगळी. त्यांच्यात प्रत्येक चर्च स्वतंत्र; वर बिशप नाही की पोप नाही. ‘मला देवाचे बोलावणे आले’ असे ज्याला वाटते तो मंडळीपुढे प्रवचन करून दाखवतो. मंडळीला पटले की जुने पास्टर त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दीक्षा देतात. लग्नाला आडकाठी नाही, सेमिनरीची सक्तीही नाही. अर्थात शिकलेले पास्टर पुष्कळ असतात, पण पारख होते ती आधी प्रवचनपीठावर.

आता गाणे कुठे शिकले ते पाहू. क्लीव्हलंड शिकागोचे, जन्म १९३१ चा. आजीबरोबर ते पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चमध्ये जात आणि तिथल्या संगीताची सूत्रे थॉमस डॉर्सी यांच्याकडे होती. घरी पियानो घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून हा मुलगा रात्री खिडकीच्या चौकटीलाच काळ्या-पांढऱ्या पट्ट्या मानून बोटे फिरवी. पुढे आवाज फुटला तो कायमचा घोगरा झाला. दुसरा एखादा खचला असता. यांनी त्या खरखरीचीच ओळख करून टाकली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गॉस्पेल, म्हणजे क्लीव्हलंड वाजवत-गात ते चर्चसंगीत, ही गुलामगिरीच्या काळातली गाणी, असे अनेकांना वाटते. ती गाणी निराळी, त्यांना ‘स्पिरिच्युअल’ म्हणतात. गॉस्पेल बऱ्यापैकी अलीकडचे; ते आकाराला आले १९२० आणि ३० च्या दशकांत. अमेरिकेच्या दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबे शिकागोसारख्या शहरांत कामधंद्यासाठी आली, त्या काळात. डॉर्सी त्याआधी ‘जॉर्जिया टॉम’ या नावाने ब्लूज वाजवत, तेही बऱ्याच चावट शब्दांचे. तीच लय त्यांनी भक्तिगीतांत आणली तेव्हा कित्येक चर्चांनी नाके मुरडली. १९३२ मध्ये बाळंतपणात त्यांची पत्नी गेली, पाठोपाठ बाळही गेले. त्या दुःखात त्यांनी रचलेले ‘प्रेशस लॉर्ड’ पुढे मार्टिन ल्यूथर किंग यांचे आवडते गीत झाले.

तर क्लीव्हलंड या शाळेत घडले. तरुणपणी ते डेट्रॉइटला सी. एल. फ्रँकलिन यांच्या चर्चमध्ये ‘मिनिस्टर ऑफ म्युझिक’ होते. नावात ‘मिनिस्टर’ असले तरी हे पास्टरचे पद नव्हे. गायकवृंद बसवणे आणि उपासनेचे संगीत सांभाळणे हे त्यातले काम. दीक्षा त्यांनी नंतर घेतली. फ्रँकलिन म्हणजे अरीथाचे वडील. ती लहानपणापासून क्लीव्हलंड यांचे वाजवणे पाहत होती. चित्रपटात दुसऱ्या रात्री ते वडील येतात आणि पियानोवर गाणाऱ्या लेकीच्या चेहऱ्यावरचा घाम रुमालाने टिपतात, तो प्रसंग तुम्ही पाहिलाच असेल.

पण एकच माणूस दोन्ही कामे करतो कसा, याचे खरे उत्तर कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांच्या रविवारच्या उपासनेत आहे. प्रवचन साध्या बोलण्याने सुरू होते. हळूहळू वाक्ये आखूड होतात, आवाज एका सुरावर स्थिरावतो आणि शेवटी पास्टर जवळजवळ गाऊ लागतात. ऑर्गनवादक तो सूर पकडतो आणि प्रत्येक वाक्यानंतरची जागा भरतो. मंडळी ‘आमेन’ म्हणून साथ देते. कीर्तनकार निरूपण करता करता अभंगावर येतात, तसेच काहीसे. त्यामुळे पास्टरला सुराची जाण लागते आणि वादकाला प्रवचन कुठे वळणार हे आधीच कळावे लागते. सी. एल. फ्रँकलिन यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघत आणि लोक त्या गाण्यांसारख्या विकत घेत.

आपल्याकडेही हे अगदी अनोळखी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजने रचली, कीर्तनेही केली. वसईबाहेर नगरकडच्या मंडळीत चौकशी केलीत, तर गाणारे पाळक तुम्हाला सहज भेटतील.

बाहेर नाव कमावून मग चर्चकडे येण्याची उलटी वाट धरणारेही असतात. अल ग्रीन प्रेमगीते गाऊन अफाट गाजले आणि १९७६ मध्ये मेम्फिसला ‘फुल गॉस्पेल टॅबरनॅकल’ चर्चचे पास्टर झाले. १९७९ मध्ये कार्यक्रमात ते रंगमंचावरून खाली पडले. हा देवाचा इशारा समजून त्यांनी काही वर्षे फक्त गॉस्पेल गायले, मग दोन्ही गाऊ लागले. गायक एल्व्हिसचे मेम्फिसमधले घर पाहायला आलेले पर्यटक रविवारी तिकडेही डोकावत. त्यांना मज्जाव नव्हता. फक्त जुन्या प्रेमगीताची फर्माईश तिथे करायची नसे.